आखातातील ‘बॅचलर’ आणि गावाकडचा हिशेब

आखाती देशांतील घरमालक, नगरपालिका आणि पोलीस यांच्या रोजच्या व्यवहारात ‘बॅचलर’ हा शब्द एका विशेष अर्थाने वापरला जातो. ज्याचे लग्न झालेले नाही तो बॅचलर, हा कोशातील अर्थ झाला. आखातात ज्याचे कुटुंब त्याच्याजवळ राहत नाही तो बॅचलर. खेडला किंवा म्हसळ्याला बायको, तीन मुले आणि वृद्ध आईवडील असलेला पंचेचाळीस वर्षांचा फिटर शारजात बॅचलरच ठरतो. त्याच्या वस्त्या निराळ्या, खोल्या निराळ्या आणि त्याला जागा भाड्याने देण्याचे नियमही निराळे. कतारने तर २०१० साली कायदाच करून कौटुंबिक वस्त्यांमध्ये कामगारांची सामुदायिक निवासस्थाने ठेवण्यास मनाई केली. इतर शहरांतूनही अशा ‘बॅचलर’ मंडळींना कौटुंबिक वस्तीबाहेर काढण्याच्या मोहिमा अधूनमधून निघत असतात. ऐकणाऱ्याला हा शब्दप्रयोग विनोदी वाटेल. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अत्यंत नेमका आहे. आखाताला श्रम हवे आहेत, ते करणाऱ्याचा संसार नको आहे, ही गोष्ट त्या एका शब्दात उघडपणे मान्य केलेली आहे.

आपल्याकडे आखाताचा विषय निघतो तो बहुधा तेथून येणाऱ्या पैशाच्या अनुषंगाने. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षी परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेल्या रकमेपैकी सुमारे ३८ टक्के रक्कम आखातातील सहा देशांतून आली. राज्यवार वाटणीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्याचा वाटा २०.५ टक्के, तर केरळचा १९.७ टक्के. महाराष्ट्राच्या वाट्यातील बराच भाग अमेरिका-ब्रिटनमधील उच्चशिक्षितांचा असणार, हे उघड आहे. तरीही रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांतून फिरणाऱ्याला आखाताच्या पैशाचा प्रत्यय आल्यावाचून राहत नाही. दुमजली घरे, मुलींच्या शाळा, नव्याने बांधलेल्या मशिदी, तालुक्याच्या बाजारपेठेतील सोन्याची दुकाने हे सर्व त्या पैशाचे दृश्य रूप आहे. हा पैसा सर्वांना दिसतो. ज्या जगण्याच्या मोबदल्यात तो येतो त्याचा हिशेब मात्र कोठे मांडला जात नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या रकमेतील एक मोठा भाग निव्वळ उत्पन्न नसून, जो खर्च आखाताने करावयास हवा होता आणि केला नाही, त्याची ती अपुरी भरपाई आहे. ही गोष्ट ओळखल्याखेरीज त्या माणसाविषयीचे आपले सरकारी धोरण सुधारणे शक्य नाही.

जुने नाते, नवा व्यवहार

कोकण आणि मुंबईचा आखाताशी असलेला संबंध तेलापेक्षा जुना आहे. आखाताच्या समुद्रातील मोती मुंबईच्या बाजारात येत आणि मुंबईहून धान्य व कापड आखातात जाई. भारतीय रुपया हेच तेथील चलन होते. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. त्या ‘गल्फ रुपया’ या नावाने ओळखल्या जात. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचे दिनार सुरू केले. १९६६ च्या जून महिन्यात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा कतारने आणि आज संयुक्त अरब अमिरात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेखराज्यांनीही रुपयाशी फारकत घेतली. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी दुबईचा दुकानदार आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा मोजत होता.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर हे नाते पालटले. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेली तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. बंदरे, रस्ते, विमानतळ, तेलशुद्धीकरणाचे कारखाने हे सारे एकाच वेळी उभारावयाचे होते आणि त्या देशांची लोकसंख्या अगदी थोडी होती. केरळातून फार मोठ्या संख्येने लोक गेले. महाराष्ट्रातून मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील तरुण, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातील, मुंबईच्या एजंटांमार्फत जाऊ लागले. गोव्यातून कुवेत व बहारीनकडे जाणारा ओघ तर त्याआधीच सुरू झाला होता.

आज या सहा देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. अमिरातींत व कतारमध्ये दर दहा रहिवाशांपैकी आठ ते नऊ परदेशी आहेत. सौदी अरेबियासारख्या मोठ्या देशातही २०२२ च्या जनगणनेनुसार परदेशीयांचे प्रमाण ४१.६ टक्के आहे. इतक्या परक्या माणसांवर आपला सारा व्यवहार चालवावयाचा आणि त्यांना नागरिकत्व मात्र जवळजवळ कधीच द्यावयाचे नाही, हे दोन्ही एकाच वेळी साधणे सोपे नव्हे. ते साधण्यासाठी जी व्यवस्था तेथे रूढ झाली तिचे नाव ‘कफाला’.

कामाचा करार आणि जगण्याचा करार

कफाला म्हणजे जामीनदारी. परदेशी कामगाराचा त्या देशात राहण्याचा हक्क एका ठरावीक मालकाच्या, म्हणजे ‘कफिला’च्या जामिनावर अवलंबून असतो. मालकाने नोकरीवरून दूर केले की राहण्याचा परवानाही ठरावीक मुदतीत संपुष्टात येतो. आपल्याकडे गिरणीतून कमी केलेला कामगार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिरणीच्या दारात जाऊन उभा राहू शकत असे. कफालाखाली वर्षानुवर्षे ते शक्य नव्हते. मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे आणि काही देशांत देश सोडून जाण्यासही त्याची परवानगी लागे. सौदी अरेबियात मालकाने कामगार पळाल्याची तक्रार केली, तिला तेथे ‘हुरूब’ म्हणतात, की तो माणूस एका दिवसात बेकायदा ठरे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे कायद्याला मंजूर नसतानाही ही प्रथा सर्रास चालत आली आहे.

या व्यवस्थेत सुधारणा झाल्या आहेत आणि त्यांची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. बहारीनने २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची वाट प्रथम खुली केली. त्याच वर्षी अमिरातींनी पगार बँकेमार्फतच देण्याची सक्ती करणारी पद्धत आणली. कतारने २०२० मध्ये संमतीची अट काढून टाकली आणि मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल हे किमान वेतन सर्वांना लागू केले. सौदी अरेबियानेही त्याच महिन्यात नोकरी बदलण्याचे नियम सैल केले. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास या देशांत बंदी आहे. अमिरातींत ती १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन अशी असते. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि मूळ सूत्र बदललेले नाही. नोकरी आहे तोवर रहिवास आहे आणि रहिवास आहे तोवरच माणसाचे बाकीचे जगणे आहे. तेथे गेलेला माणूस सही करतो ती कामाच्या करारावर. प्रत्यक्षात तो त्याच्या संपूर्ण जगण्याचा करार ठरतो.

कुटुंब आणावे की नाही, हेही त्याच्या इच्छेवर सोपविलेले नाही. ते पगाराच्या आकड्यावर ठरते. अमिरातींत त्यासाठी महिना ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची जागा, अशी अट २०१९ मध्ये घालण्यात आली. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केले तेव्हा ८०० दिनार पगाराची मर्यादा ठरविली. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून आश्रितांवर दरमहा दरडोई १०० रियाल शुल्क बसविले आणि ते तीन वर्षांत ४०० रियालांवर नेले. पत्नी व दोन मुले असलेल्या माणसाला केवळ त्यांच्याबरोबर राहण्यासाठी महिना १,२०० रियाल मोजावे लागणार असतील, तर तो त्यांना विमानात बसवून परत पाठवितो. त्या काळात असंख्य कुटुंबांनी तेच केले. नगरपालिकेच्या भाषेत आणखी काही हजार बॅचलर निर्माण झाले.

खोली हीच संस्था

अशा माणसांचे सामाजिक जीवन कसे असते? दुबईच्या मुहैस्ना भागातील कामगारवस्तीला आपल्या लोकांनी ‘सोनापूर’ हे नाव दिले आहे. सोन्याचे नगर असा अर्थ त्यांच्या मनात असेल. मुंबईच्या मराठी माणसाच्या कानाला मात्र सोनापूर म्हणजे स्मशान. तेथील खोल्यांतून लोखंडी दुमजली खाटा असतात आणि एका खोलीत सहा, आठ किंवा त्याहून अधिक माणसे राहतात. पहाटे कंपनीची बस येते आणि संध्याकाळी आणून सोडते. शहरात राहणाऱ्या कारकून, ड्रायव्हर, विक्रेते यांची तऱ्हा थोडी निराळी. ते ‘बेडस्पेस’ घेतात, म्हणजे खाटेपुरती जागा. एखाद्या फ्लॅटच्या दिवाणखान्याला फळ्यांचे आडोसे घालून तीन खोल्या केलेल्या असतात आणि प्रत्येकीत तीन-चार माणसे असतात. स्वयंपाक पाळीने होतो. बाजारहाटाचा खर्च महिनाअखेर वाटून घेतला जातो.

आठवड्याची सुटी हा या जीवनातील एकमेव सार्वजनिक प्रसंग. रियाधमधील बथा, शारजातील रोल्ला, मस्कतजवळचे रुवी या ठिकाणी सुटीच्या संध्याकाळी माणसांचे थवे उभे दिसतात. कोणत्या कोपऱ्यावर कोणत्या जिल्ह्याची माणसे भेटावयाची हे ठरलेले असते. तेथे नोकऱ्यांच्या बातम्या कळतात, गावी जाणाऱ्याजवळ सामान दिले जाते, उसनवारी होते आणि फिटते. पूर्वी निरोप कॅसेटवर बोलून पाठवीत. आता मोबाईलवर मुलाचा चेहरा दिसतो. बाप रात्री फोनवरून मुलाचे पाढे घेतो. हे साधन मोठे खरे. पण मुलाला ताप आला तर बापाने करावयाचे ते काम फोनवर होत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही खोली केवळ दाटीवाटीची वाटते. वस्तुतः ती एक संस्था आहे. नव्याने आलेल्याला पहिला पगार होईपर्यंत खोलीच पोसते. भिशी खोलीत चालते. नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंतचे भाडे खोली सोसते. कोणी दगावला तर प्रेत गावी पाठविण्यासाठी वर्गणी खोलीतून सुरू होते आणि गावच्या जमातीच्या मंडळापर्यंत जाते. २००९ पासून आपल्या वकिलातींकडे यासाठी कल्याण निधी आहे. परंतु धावपळीचा पहिला दिवस खोलीच निभावते. कुवेतमधील गोवेकरांनी आपल्या गावांच्या नावाने मंडळे काढली. त्यांच्या सणांना आणि तियात्रांना माणसे जमतात ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. विमा, पतपेढी, रोजगार विनिमय केंद्र आणि अनाथाश्रम या चारही संस्थांचे काम ही मंडळे आणि या खोल्या विनामोबदला करीत असतात. ज्या देशात हे श्रम खर्च होतात त्या देशाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी एक पैसाही धरलेला नसतो.

आणि ती दाटीवाटी निरुपद्रवीही नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला पहाटे आग लागली. झोपेतील माणसांना बाहेर पडता आले नाही. दोन दिवसांनी वायुदलाच्या विमानाने ४५ भारतीयांचे मृतदेह कोचीला आणावे लागले. ती माणसे कामावर मेली नव्हती. ती राहत होती तेथे मेली.

मंडळातील आखात

आखातात दुसराही एक भारतीय समाज आहे आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रांत बहुधा तोच दिसतो. इंजिनिअर, हिशेबनीस, डॉक्टर, परिचारिका, शाळाशिक्षक, बँकेतील अधिकारी यांचा हा समाज. तो दुबईच्या करामात किंवा कुवेतच्या सालमियात सहकुटुंब राहतो. त्याची मुले भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात. दुबई, मस्कत, बहारीन, कुवेत येथे मराठी मंडळे आहेत. गणेशोत्सव होतो, दिवाळीला फराळ होतो, मुंबई-पुण्याहून नाटक आले की सभागृह भरते. या मंडळांनी परक्या वाळवंटात भाषा जिवंत ठेवली, याबद्दल कृतज्ञताच वाटावी.

परंतु त्या सभागृहात सोनापूरचा माणूस सहसा नसतो. त्याला कोणी मज्जाव केलेला असतो असे नव्हे. बसचे वेळापत्रक, तिकिटाचा दर, अंगावरचे कपडे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठण्याची चिंता मिळून तो मज्जाव होतो. एकाच तालुक्यातील दोन माणसे, एकाच भाषेत बोलणारी, एकाच शहरात वीस वर्षे राहूनही एकमेकांना भेटत नाहीत.

असे असूनही त्या दोघांत एक साम्य आहे. मध्यमवर्गीय इंजिनिअरचा रहिवासही नोकरीला बांधलेलाच असतो. पगार थांबला तर शाळेची फी, गाडीचा हप्ता आणि व्हिसाची मुदत ही तिन्ही एकदम अंगावर येतात. त्याची मुले तेथे जन्मतात, बारावीपर्यंत तेथे शिकतात आणि पुढे बहुधा ज्या देशात ती केवळ सुटीत आली होती त्या आपल्या देशात येतात. अमिरातींनी २०१९ पासून निवडक लोकांना दीर्घ मुदतीचे व्हिसा देण्यास आरंभ केला, तोही धनिक आणि विशेष गुणवंत यांच्यापुरता. बाकीचा सुशिक्षित समाज तीस वर्षे राहूनही पाहुणाच राहतो. त्याच्या खोलीला पडदे चांगले असतात, एवढाच फरक.

चाकरमानी आणि आखातवासी

यावर कोणी म्हणेल की, यात नवीन ते काय? कोकणातील माणसाने हेच जिणे मुंबईत शंभर वर्षे काढले. गिरणगावातील चाळीत एका खोलीत पंधरा-वीस चाकरमानी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर पाठवीत. गोवेकर दर्यावर्दींचे गावोगावचे ‘कूड’ धोबीतलावाच्या परिसरात होतेच. आखातातील खोली ही त्या खोलीची नात आहे, हे म्हणणे मला मान्य आहे. खोलीतील शिस्त, भिशी, गावाचे मंडळ, आजाऱ्याची सोय हे सर्व कौशल्य आमच्या लोकांनी मुंबईतच मिळविले आणि मग समुद्रापार नेले.

परंतु साम्य येथे संपते. गिरणी कामगाराला युनियन होती. आखातात परदेशी कामगाराला संघटना आणि संप यांचा हक्क जवळजवळ नाही. गिरणी कामगाराला १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी मिळाला आणि आजारपणासाठी राज्य विमा योजना मिळाली. त्याला मत होते, त्यामुळे त्याचा नगरसेवक आणि आमदार होता. त्याची इच्छा झाली आणि जागा मिळाली तर तो बायकोला मुंबईस आणू शकत होता, आणि अनेकांनी आणले. परिणामी एका पिढीने तो चाकरमानी मुंबईकर झाला. १९८२ च्या संपानंतर त्याचे जे झाले ते दुःखद खरे, पण ते एका नागरिकाचे दुःख होते. त्यासाठी त्याला मोर्चा काढता आला आणि पुढे घरांसाठी सरकारशी भांडता आले. आखातवासी कधी दुबईकर होत नाही. त्याला वार्धक्य येण्यापूर्वी परत यावे लागते.

येथेच हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. कोणत्याही समाजाला कामगार फुकट मिळत नाही. त्याचे बालपण, शिक्षण, आजारपण, बेकारीचे महिने आणि म्हातारपण यांचा खर्च कोणीतरी करावा लागतो. जेथे कामगार आपल्या कुटुंबासह राहतो तेथे तो खर्च मजुरीतून, करांतून किंवा सरकारी सेवांतून त्या समाजावर पडतो. आखाताने बावीस ते पंचावन्न या वयातील माणूस घेतला. आधीची बावीस वर्षे आणि नंतरची वीस वर्षे कोकणावर सोडली. जिल्हा परिषदेच्या शाळेने त्याला शिकविले, आयटीआयने कारागीर केले आणि गावचे आरोग्य केंद्र त्याच्या गुडघ्यांचे व मूत्रपिंडांचे पुढे काय होते ते पाहील.

मग निवृत्तीच्या वेळी त्याला काय मिळते? अमिरातींच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि नंतर दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार सेवासमाप्तीच्या वेळी द्यावयाचा असतो. महिना १,२०० दिरहॅम मूळ पगाराच्या माणसाने वीस वर्षे काम केले असे धरू. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढील पंधरा वर्षांचे ४५० दिवस. एकूण ५५५ दिवस. दिवसाला ४० दिरहॅम या दराने २२,२०० दिरहॅम, म्हणजे पाच लाख रुपयांहून थोडी अधिक रक्कम होते. वीस वर्षांच्या सेवेनंतर ती एकदाच मिळते; निवृत्तिवेतन नाही, वैद्यकीय सवलत नाही. या वाचकवर्गातील कोणत्याही शिक्षकाने किंवा कारकुनाने आपल्या निवृत्तीच्या कागदांशी ही रक्कम ताडून पाहावी.

या खर्चात एक नोंद तर रुपयांत होतच नाही. केरळातील अशा घरांचा अभ्यास लीला गुलाटी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केला आहे. नवरा परदेशी गेल्यावर बँकेचे व्यवहार, घराचे बांधकाम, मुलांची शाळा, सासूचे आजारपण हे सारे स्त्रीवर येते. त्यातून तिला स्वातंत्र्य आणि आत्मविश्वासही मिळतो, हे खरे. परंतु लग्नाच्या पंचवीस वर्षांत नवऱ्याच्या सहवासाचे दिवस दोन वर्षांआड मिळणाऱ्या रजेच्या हिशेबाने मोजले, तर ते दोन-अडीच वर्षे भरतात. ही किंमत कोणत्या सदराखाली घालावयाची?

आपल्या सरकारची जबाबदारी

आखाताला शिव्या देऊन हा विषय संपविणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. माणसे तेथे स्वेच्छेने जातात आणि पुन्हा पुन्हा जातात, कारण येथे त्यांना तेवढे मिळत नाही. आखाताच्या पैशाने कोकणातील अनेक घरे सावकाराच्या आणि खोताच्या छायेतून कायमची बाहेर पडली. मुली पदवीपर्यंत शिकल्या. जाणाऱ्याला जाऊ नको म्हणण्याचा अधिकार ज्यांनी येथे नोकऱ्या निर्माण केल्या नाहीत त्यांना नाही. प्रश्न एवढाच आहे की, जाणाऱ्याच्या पाठीशी आपण कितपत उभे राहतो.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी जाणाऱ्या कामगाराला संरक्षण देण्याची व्यवस्था केली. एजंटाच्या शुल्कावर पुढे ३०,००० रुपयांची मर्यादाही घालण्यात आली. प्रत्यक्षात व्हिसासाठी त्याच्या कित्येक पट रक्कम मोजली जाते, हे कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती दागिने मोडून किंवा कर्जाने उभी केली जाते आणि पहिले वर्ष-दीड वर्ष ती फेडण्यात जाते. याच कायद्याखाली दहावी उत्तीर्ण झालेल्याला आखातात जाताना सरकारी तपासणीतून सूट मिळाली. दहावीचे प्रमाणपत्र म्हणजे फसवणुकीविरुद्धची लस, असेच जणू सरकारने गृहीत धरले. परिणामी आमच्याकडील दहावी झालेला वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियन कामगार म्हणून जातो, पण कामगार म्हणून त्याची नोंद होत नाही. कराराची तपासणी होत नाही आणि तपासणीबरोबर सक्तीने येणारा दहा लाखांचा अपघात विमाही त्याला आपोआप मिळत नाही. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याची तीच गत.

वेतनाच्या बाबतीतही आपले सरकार नेहमी कामगाराच्या बाजूने उभे राहिले असे म्हणता येत नाही. आपल्या कामगारासाठी शिफारस केलेले किमान वेतन सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारनेच खाली आणले आणि अमिरात, कतार, बहारीन व ओमान या देशांसाठी ते महिना २०० डॉलर ठरविले. नोकऱ्या टिकाव्यात हा त्यामागील युक्तिवाद होता. टीकेनंतर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. पण आपल्या माणसाचा भाव आपणच पाडावयाचा, ही वृत्ती त्यातून दिसली ती दिसलीच.

महाराष्ट्राने या बाबतीत केरळकडे पाहावे. तेथे अनिवासी केरळीयांसाठी १९९६ पासून स्वतंत्र सरकारी खाते आहे. १९९८ पासून तिरुवनंतपुरमची संशोधन संस्था स्थलांतराच्या नियमित पाहण्या करीत आली आहे. आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कल्याण मंडळात थोडी वर्गणी भरणाऱ्या प्रवाशाला म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते. त्या योजनांत उणिवा असतील. पण किती माणसे गेली, कोठे गेली आणि किती परत आली, हे केरळ सांगू शकते. रत्नागिरी जिल्ह्याविषयी तेवढ्याच नेमकेपणाने बोलता येईल अशी पाहणी करणे मुळीच अवघड नाही. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या हातून ती एका वर्षात होऊ शकेल. तिच्या जोडीला वर्गणीवर आधारलेली निवृत्तिवेतन योजना, नोकरीचा करार मराठीत समजावून देणारा तालुक्याच्या गावचा एक अधिकारी आणि दहावी झालेल्यांनाही लागू होणारा सक्तीचा विमा या तीन गोष्टी आल्या, तर पाठविलेल्या पैशातील निदान काही भाग खऱ्या अर्थाने शिल्लक ठरेल.

हे होईपर्यंत शिक्षक आणि कारकून यांच्या हाती एक काम आहे, आणि ते लहान नाही. जाणारा मुलगा बहुधा आपल्यापैकी कोणाच्या तरी वर्गात बसलेला असतो. त्याच्या पासपोर्टच्या अर्जावर, बँकेच्या कर्जावर, दाखल्यावर आपल्यापैकी कोणाची तरी सही असते. त्या वेळी त्याला चार प्रश्न विचारावेत. एजंट नोंदणीकृत आहे काय? व्हिसा नोकरीचा आहे की भेटीचा? करारात मूळ पगार किती लिहिला आहे? आणि त्या कराराची एक प्रत घरी राहणार आहे काय? एवढे विचारले तरी अनेक फसवणुकी मुंबईच्या विमानतळापर्यंतही पोहोचणार नाहीत. तिकडच्या नगरपालिकेने त्याला खुशाल बॅचलर म्हणावे. त्याला मुलेबाळे आणि म्हातारे आईबाप आहेत, हे निदान इकडच्या कागदांवर तरी लिहिलेले असावे.